काटे फिरवण्याआधी

घड्याळजींच्या मते जगात दोन प्रकारचे मूर्ख होते: घड्याळ बंद पडले की ते कानाशी धरून हलवणारे, आणि घड्याळ बंद पडले की नवे घेणारे. संगणक घरात आला त्या बुधवारी त्यांनी तिसऱ्या प्रकारासाठी जागा केली. घड्याळ बंद पडल्याचे डोळ्यांना धडधडीत दिसत असताना ‘त्याचं काय एवढं’ म्हणणारे ते या प्रकारात मोडत होते, आणि पुढच्या दहा दिवसांत घड्याळजींना त्यांची चांगलीच ओळख व्हायची होती.

संगणक त्यांनी हौसेने आणलेला नव्हता. बाजारातल्या मनोऱ्यावरचे घड्याळ गेली एकतीस वर्षे त्यांच्या देखरेखीखाली चालत होते. त्याआधी ते त्यांच्या वडिलांकडे होते. दर वर्षी या महिन्यात घड्याळजी चार पानी अर्ज स्वतःच्या हाताने लिहीत, त्यातले प्रत्येक वाक्य तोलूनमापून बसवीत, आणि नगर कार्यालयात नेऊन देत. पुढच्या वर्षाचे काम त्यांच्याकडे राही. यंदा लिपिकाने तो अर्ज दोन बोटांनी परत त्यांच्याकडे सरकवला.

“कागद घेणं बंद केलंय आम्ही. संगणकावरून भरा. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.”

“आणि नाही भरला तर?”

“तर एक कंपनी आहे. तिचा आलाय अर्ज. आतलं सगळं काढून विजेवरचं यंत्र बसवतात ते. चावी नको, तेल नको.” लिपिकाने क्षणभर विचार केला. “माणूसही नको.”

“माझ्या अर्जात खोट काय आहे ते तरी सांगा.”

“खोट कसली? सुंदर अक्षर आहे. वाचणारं कोणी नाही, एवढंच.”

घड्याळजी घरी आले ते तणतणतच. पत्नीने तोडगा सुचवला, की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात असले अर्ज भरून देतात. जाऊन बसायचे, तो विचारील ते सांगायचे, झाले. घड्याळजींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू तिने मनोऱ्याच्या चक्रांना खोबरेल तेल घालायला सांगितले होते. “माझ्या मनोऱ्याचा अर्ज एक तिऱ्हाईत लिहिणार? ऱ्हस्वदीर्घाचे मुडदे पाडत? आणि मी शेजारी स्टुलावर बसून बघणार?”

“मग भरा तुमचे तुम्ही,” पत्नी म्हणाली, आणि तिने आपल्या थोरल्या भावाला फोन लावला.

थोरला मेहुणा म्हणजे ज्याच्याकडे जगातली प्रत्येक वस्तू जास्तीची पडलेली असे. त्याने आपल्या बंद केलेल्या कचेरीतला एक संगणक रिक्षात घालून आणला. दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी, जिथून मनोऱ्याचा पांढरा चेहरा सरळ समोर दिसे त्या टेबलावर त्याने तो मांडला. तारा खुपसल्या, बटण दाबले आणि काहीच झाले नाही.

“काल चालत होता, भाऊजी. शप्पत.”

“काल तर माझे आजोबाही चालत होते,” घड्याळजी म्हणाले.

मेहुण्याने पडद्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. घड्याळजींनी त्याला मनातल्या मनात पहिल्या प्रकारात टाकले. मग ते स्वतः वाकले, डोळ्याला भिंग लावून खोक्याची मागची बाजू बोटभर बोटभर तपासली, आणि जिथे विजेची तार आत शिरत होती तिच्याच बाजूला एक काळे बटण बंद अवस्थेत सापडले. त्यांनी ते खाली केले. पंखा घुरघुरला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ आली, तिचा अर्थ एवढाच होता: तारीख व वेळ लावलेली नाही, पुढे जायचे तर अमुक कळ दाबा.

“ते येतंच,” मेहुणा कळ दाबत म्हणाला. “दाबायचं आणि पुढे जायचं.”

“गिऱ्हाईक म्हणतं घड्याळ थांबतंय. मी म्हणू का, ते थांबतंच, हलवायचं आणि पुढे जायचं?”

“भाऊजी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत घड्याळ घुसवता.”

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख उमटली. एक जानेवारी, आणि साल नऊ वर्षांपूर्वीचे. घड्याळजींनी ते टिपून घेतले. त्यांच्या दुकानात प्रत्येक घड्याळासाठी वहीत एक पान असे. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचे काटे पहिल्या दिवशी कधीच फिरवायचे नाहीत, हा वडिलांनी घालून दिलेला नियम होता. ते किती चुकते, कधी चुकते, उताणे ठेवले तर किती आणि उभे ठेवले तर किती, हे आधी आठ दिवस लिहायचे. दोष सापडला की मगच काट्याला हात लावायचा. काटे फिरवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, ती दोषाला दिलेली लाच आहे, असे ते गिऱ्हाइकांना ऐकवत, आणि गिऱ्हाइके घाईत असत. त्यांनी संगणकासाठी कोरे पान काढले आणि वर ‘मेहुण्याचे यंत्र’ असे लिहिले.

अर्जाचे पान उघडेना. पानाचा पत्ता नीट टाकला तरी पानाच्या जागी लाल त्रिकोण येई आणि खाली इंग्रजीचा एक परिच्छेद. मेहुण्याने हात टेकले, चहा घेतला, आणि एका माणसाचा नंबर देऊन तो निघून गेला. त्या माणसाला सारी गल्ली ‘एक्स्पर्ट’ म्हणे.

एक्स्पर्ट गुरुवारी आला. चाळिशीकडे झुकलेला, दोन फोन बाळगणारा, आणि खुर्चीवर बसण्याआधीच रोगाचे नाव सांगणारा. “व्हायरस,” त्याने उंबऱ्यातूनच सांगितले.

“तपासल्याशिवाय?”

“काका, दहातल्या नऊ जणांना तोच असतो.”

“आणि दहाव्याला तुम्ही काय सांगता?”

“नवीन घ्या म्हणून.”

घड्याळजींनी त्याला पडद्याचा कोपरा दाखवला. “याचं घड्याळ बंद पडलंय. आज सकाळी पुन्हा एक जानेवारी दाखवत होतं. काल रात्री आठला मी दुकान बंद केलं तेव्हा ते एक जानेवारीचे पहाटेचे साडेचार दाखवत होतं. सकाळी पुन्हा मध्यरात्रीपासून सुरू.”

एक्स्पर्टने त्यांच्याकडे पाहिले. एखादा रुग्ण पोट दुखतंय म्हणून येतो आणि आपल्या जोड्याच्या नाडीविषयी सांगत बसतो, तेव्हा डॉक्टर जसे पाहील तसे. “तारखेचं काय घेऊन बसलात? नेट बघू आधी नेट.” मग त्याने आपला लॅपटॉप लावला, लाइन ठीक असल्याचे जाहीर केले, काहीतरी पुसले, काहीतरी भरले, आणि रविवारी दहाला येऊन सगळेच नव्याने टाकतो असे सांगितले. “तोवर हात लावू नका.”

“मी हात लावत नाही. मी लिहितो.”

“काय लिहिता?”

“तुम्ही काय करत नाही ते.”

रविवार हा मनोऱ्याच्या चावीचा दिवस. आठ दिवसांनी एकदा घड्याळाचे वजन वर चढवावे लागे. एकशे चाळीस फेरे, सात मिनिटांचे काम. चावी देताना वजनाचा भार चक्रांवरून उचलला जातो आणि तेवढा वेळ घड्याळ उभे राहू शकते. म्हणून चावी घालण्याआधी बाजूचा एक छोटा दांडा खाली ओढायचा, की दुसरे एक लहान वजन तेवढ्यापुरती चक्रे ढकलत राहते. दांडा ओढायचा, चावी द्यायची, आणि उतरण्याआधी रेडिओच्या ठोक्यांवर लावलेल्या मनगटी घड्याळाशी मनोऱ्याची वेळ ताडून पाहायची: एकतीस वर्षांत या क्रमात कधी फरक पडला नव्हता. घड्याळजी झोपेतही हे करू शकले असते.

त्या रविवारी ते जागे होते. चित्त मात्र ठिकाणावर नव्हते. एक्स्पर्ट दहाला यायचा होता, आणि नव्याने टाकतो म्हणजे नक्की काय टाकतो, हे त्याला कोणत्या शब्दांत विचारले असता त्याला पळवाट उरणार नाही, याची वाक्ये ते जुळवत होते. एकशे चाळीस फेरे त्या वाक्यांच्या तालावर झाले. शेवटचे वाक्य फारच छान जमले. ते तसेच तोंडात धरून घड्याळजी जिना उतरले आणि घराकडे सुटले.

एक्स्पर्ट साडेअकराला आला आणि त्या वाक्याला त्याने “हं हं” असे उत्तर दिले.

मात्र त्या दिवशी संगणक चालला, हे कबूल करावे लागेल. सगळे पुसून नव्याने टाकताना तारीख आपोआप बरोबर झाली, लाल त्रिकोण गेला, अर्जाचे पान लख्ख उघडले. एक्स्पर्टने हात झटकले. “बघितलंत? व्हायरस.” घड्याळजी तेव्हाच अर्ज भरू शकले असते. पत्नी तसे म्हणालीही. पण मसुदा अजून त्यांच्या मनासारखा उतरला नव्हता. तिसऱ्या परिच्छेदात एकाच ओळीत ‘तथापि’ दोनदा येत होते. “शुक्रवारपर्यंत मुदत आहे,” ते म्हणाले, आणि संध्याकाळी आठला, दुकान बंद करताना चाळीस वर्षे करत आले तसे, त्यांनी भिंतीतली सगळी बटणे बंद केली आणि संगणकाची पिनही उपसून ठेवली. दुकानात रात्री विजेचा थेंबही राहता कामा नये, हा वडिलांचा दुसरा नियम होता.

सोमवारी सकाळी एक जानेवारी. लाल त्रिकोण.

त्याच सकाळी दुकान उघडताना घड्याळजींना आणखी एक गोष्ट दिसली. मनगटावरचे घड्याळ मनोऱ्याच्या सात मिनिटे पुढे होते. भिंतीवरच्या घड्याळांना विचारण्यात अर्थ नव्हता. घड्याळजीच्या दुकानात कोणतीही दोन घड्याळे जुळत नाहीत, कारण ती सगळी आजारी म्हणूनच आलेली असतात. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढले आणि तुच्छतेने त्याच्याकडे पाहिले. “तूही?” ते म्हणाले. तेलाला आले असणार. एरवी त्यांनी त्याचेही पान उघडले असते. पण संगणकाचे पान समोर होते आणि एक्स्पर्टला फोन करायचा होता. त्यांनी काटे फिरवून ते मनोऱ्याशी जुळवले आणि पुन्हा मनगटावर बांधले.

“तुम्ही काहीतरी दाबलंत,” एक्स्पर्ट फोनवर म्हणाला.

“मी संध्याकाळी बंद केलं. सकाळी सुरू केलं.”

“बंद तर करणारच ना माणूस! त्याआधी काय दाबलंत?”

“आणि घड्याळ पुन्हा—”

“काका, परत घड्याळ नको हं. बुधवारी येतो.”

बुधवारी दोन गोष्टी घडल्या. दुपारी एक्स्पर्ट आला, त्याने खोक्यावर बोटांनी टकटक केली, लाल त्रिकोण डोळे मिटून बाजूला सारला आणि निकाल दिला: हे भंगार आहे, नवीन घ्या. घड्याळजींनी त्याला दुसऱ्या प्रकारात रीतसर दाखल केले. दारापर्यंत पोचवताना त्यांनी विचारले, “तो त्रिकोणाखालचा मजकूर तुम्ही एकदा तरी वाचलात का?”

“वाचायचं काय त्यात? तो सगळीकडे सारखाच असतो.”

“ज्यांनी तो लिहिला त्यांची मला कीव येते,” घड्याळजी म्हणाले. तो वाचण्याइतके इंग्रजी त्यांना येत होते. पण असल्या यंत्राने लिहिलेला परिच्छेद वाचणे त्यांना स्वतःच्या पायरीखाली वाटे. एक्स्पर्टच्या माथी मारलेला दोष आपल्याही माथी बसतो आहे, हे त्यांच्या गावी नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्नी बहिणीकडे जायला म्हणून निघाली आणि वीस मिनिटांत घामाघूम होऊन परत आली.

“बस गेली माझी. अहो, मनोरा मागे पडलाय का हो? मी तो बघूनच निघाले.”

घड्याळजींनी मान वर केली. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि विचारला कोणी, तर घरच्या माणसाने. “बस लवकर आली असेल.”

“बस कधी लवकर येते का?”

“मनोरा कधी मागे पडतो का?”

पत्नी फोन पुढे करत होती, वेळ दाखवायला. घड्याळजींनी तिकडे पाहिलेही नाही. “त्या काचेच्या तुकड्याला वेळ बाहेरून कोणीतरी सांगतं. मनोऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.”

“बरं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली. “चुकली ती बसच.”

शुक्रवारी दुपारी तीन वाजता घड्याळजी संगणकाचे पान उघडून बसले. शेजारी अर्जाचा पक्का मसुदा, ‘तथापि’ एकदाच असलेला. मेहुण्याचा फोन लागत नव्हता, एक्स्पर्ट लग्नाला गेला होता. मदत करणारे सगळे संपले तेव्हा कुठे त्यांना निवांतपणे विचार करायला सवड झाली. वहीत दहा नोंदी होत्या. त्यांनी त्या एकाखाली एक वाचल्या, जणू एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाचे घड्याळ आहे.

जे घड्याळ रोज थोडे मागे पडते, त्याचा दोष चालीत असतो. हे मागे पडत नव्हते. चालू असताना त्याची चाल सेकंदाला सेकंद चोख होती. आणि जे घड्याळ रोज एकाच ठिकाणाहून सुरू होते, त्याला काल आठवतच नाही. म्हणजे चाल शाबूत, साठा गेलेला. बाहेरची वीज तुटली की आतली थोडीशी शिदोरी ज्याने पुरवायची, ते रिकामे झाले आहे. आणि बाहेरची वीज रोज रात्री आठला, पिनेसकट, कोण तोडत होते?

ते उठले. खोक्याचे दोन स्क्रू काढायला त्यांना मिनिटही लागले नाही. आत धुळीचा गालिचा होता. त्यांनी तो ब्रशने झाडला, भिंग डोळ्याला लावले, आणि हिरव्या पाटीवर कडेला, एका गोल घरट्यात बसलेला, नाण्याएवढा चकचकीत सेल त्यांना दिसला. घड्याळजी हसले. गेल्या दहा दिवसांत प्रथमच. असले दोनशे सेल त्यांच्या डाव्या हाताच्या खणात होते. भिंतीवरच्या घड्याळांचे, वजनकाट्यांचे, दाराच्या घंटांचे म्हणून लोक ते नेत. चिमट्याने त्यांनी तो उचलला, मीटरवर ठेवला. काटा हललाही नाही. प्रेत होते ते.

“अगं!” त्यांनी हाक मारली. “ये इकडे. तुझ्या भावाचा व्हायरस बघ.”

पत्नी हात पुसत आली. “एवढासा?”

“एवढासाच. यासाठी त्या दोन फोनवाल्याने तीन फेऱ्या मारल्या, सगळं पुसलं, पुन्हा भरलं, यंत्राला भंगार ठरवलं. आणि मी पहिल्या दिवशी सांगत होतो, घड्याळ बंद पडलंय!”

“मग पहिल्या दिवशीच का नाही उघडलंत?”

घड्याळजींनी डावा खण ओढला. नवा सेल बसवला, झाकण लावले, बटण दाबले. पांढऱ्या ओळीतून या वेळी ते एका निळ्या पानात गेले, जिथे तारीख आणि वेळ हाताने लावता येत होती. दोष सापडला होता, आता काटे फिरवायचा अधिकार होता. त्यांनी तारीख लावली. वेळ लावण्याआधी त्यांनी खिडकीतून समोर पाहिले, मनोऱ्याचा मोठा काटा वीस मिनिटांवर टेकण्याची वाट पाहिली, आणि तो टेकताच कळ दाबली. चार वाजून वीस. एखाद्या उडाणटप्पूला वडिलांच्या पायाशी आणून बसवावे तसे त्यांना वाटले.

अर्जाचे पान उघडले. लाल त्रिकोण नाही, काही नाही. यंत्राची तारीख चुकीची असली की हे पान उघडत नाही, एवढेच त्या त्रिकोणाखाली लिहिलेले असे.

घड्याळजी दोन बोटांनी टंकू लागले. नाव, पत्ता, अनुभव. अनुभवाच्या रकान्यात ‘दहा वर्षांपेक्षा जास्त’ याहून मोठे काही निवडताच येत नव्हते. एकतीस वर्षे आणि अकरा वर्षे यंत्राला सारखीच. त्यांनी दात खाऊन ते निवडले. मग शेवटचा रकाना आला: कामाचे स्वरूप, पाचशे अक्षरांत.

“पाचशे?” ते ओरडले. “माझं पहिलं वाक्यच तेवढं आहे!”

“मग दुसरं लिहा,” पत्नी म्हणाली. “लहान.”

चार पानांचा मसुदा पाचशे अक्षरांत आणणे ही हत्या होती, आणि हत्या करायचीच तर ती नीटनेटकी व्हावी असे त्यांना वाटे. चार पस्तीसला त्यांच्यापुढे चारशे नव्वद अक्षरांचा, अर्थाला पुरा, पण त्यांच्या मते ओबडधोबड मजकूर तयार होता.

“पाठवा आता,” पत्नी म्हणाली.

“हे असं? यात ‘काम करतो’ आलंय दोनदा. वाचणारा काय म्हणेल?”

“वाचणारं कोणी नाही, असं तुम्हीच सांगत आलात ना त्या दिवशी?”

“नसो. लिहिणारा आहे ना?” त्यांनी खिडकीतून पाहिले. “पंचवीस मिनिटं आहेत अजून.”

चार पंचेचाळीस झाले. पहिले ‘काम करतो’ जाऊन ‘निगा राखतो’ आले. पत्नीने दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. तिसऱ्यांदा ती उठून स्वयंपाकघरात गेली. चार पन्नासला शेवटचे वाक्य जमले: ‘या घड्याळाची निगा मी एकतीस वर्षे अखंड राखली असून, या काळात त्याने गावाला एकदाही चुकीची वेळ सांगितलेली नाही.’ ते त्यांनी तीनदा वाचले. एक स्वल्पविराम काढला, पुन्हा घातला. मग मनोऱ्याकडे पाहिले. चार चौपन्न. त्यांनी ‘पाठवा’ हे बटण दाबले.

पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले. आणि ते फिरत असताना, कोपऱ्यातली वेळ, जी घड्याळजींनी स्वतःच्या हाताने लावली होती, जी गेली चौतीस मिनिटे मनोऱ्याच्या बरोबर मिनिटाला मिनिट चालली होती, ती त्यांच्या डोळ्यांदेखत चार चौपन्नवरून पाच एक झाली. मधली मिनिटे आलीच नाहीत.

वर्तुळ थांबले. त्याच्या जागी एक ओळ आली: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

“पुन्हा बिघडलं!” घड्याळजी ओरडले. “उडी मारली याने! सात मिनिटांची उडी!”

पत्नी धावत आली. तिने पडदा पाहिला, मनोरा पाहिला, आणि आपला फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. पाच वाजून एक मिनिट. त्या काचेच्या तुकड्याप्रमाणे यंत्रालाही वेळ बाहेरून कोणीतरी सांगितली होती.

सात मिनिटे. घड्याळजींच्या डोक्यात तो आकडा एकटा उभा राहिला आणि मग त्याच्या मागे एकेक जण येऊन उभे राहिले: सोमवारचे मनगटी घड्याळ, बुधवारची बस, आणि रविवार, एकशे चाळीस फेरे, तोंडात धरलेले ते सुंदर वाक्य. चावी त्यांच्या हाताला आठवत होती. दांड्याची थंडगार मूठ आठवत नव्हती.

पण आठवत नाही म्हणजे ओढली नाही असे सिद्ध होत नाही, असा युक्तिवाद करतच ते कार्यालयात पोचले. लिपिक कपाटाला कुलूप घालत होता.

“माझा अर्ज घ्यावा लागेल,” घड्याळजी धापा टाकत म्हणाले. “यंत्राने ऐन वेळी घोटाळा केला. मी मुदतीत पाठवला होता. चार चौपन्नला. सहा मिनिटं आधी. पत्नी साक्षीला आहे.”

लिपिकाने कुलूप तसेच लोंबकळत सोडले. माणूस वाईट नव्हता. घरी जायच्या घाईत होता इतकेच. “चार चौपन्नला पाठवला असता तर लागला असता. कुठल्या घड्याळात चार चौपन्न?”

घड्याळजींजवळ उत्तरे नेहमीच तयार असत. या प्रश्नाला तर एकच उत्तर होते, आणि ते दिले तर अर्जातले शेवटचे वाक्य खोटे ठरत होते. न दिले तर अर्जच जात होता. त्यांनी तोंड उघडले.

बाहेर मनोऱ्यावर ठोके पडू लागले. एक. दोन. लिपिकाने सवयीने मोजायला सुरुवात केली. तीन. चार. पाच. मग त्याने मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून सात मिनिटे झाली होती. त्याने पुन्हा खिडकीकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरले. असले हसू घड्याळजींनी अनेकांना दिले होते. घ्यायची वेळ पहिलीच.

“म्हणूनच विजेवरचं बसवतोय,” लिपिक म्हणाला, आणि त्याने कुलूप घातले.

मनोऱ्याच्या किल्ल्या महिनाअखेरपर्यंत घड्याळजींकडेच होत्या. ते जिना चढून वर गेले. दांडा वरच होता, जिथे तो रविवारी सकाळी होता तिथेच; त्याच्यावर त्याआधीच्या रविवारपासूनची धूळ, कोणाच्याही बोटांच्या खुणेवाचून, सारखी पसरलेली. घड्याळजींनी खिशातून वही काढली आणि मनोऱ्याचे पान उघडले. रकाने वडिलांनी आखून दिलेले होते. ‘चूक’ या रकान्यात त्यांनी लिहिले: सात मिनिटे मागे. ‘दोष’ या रकान्यापाशी ते थांबले. इथे युक्तिवाद करायला भरपूर जागा होती, आणि अक्षरांची मर्यादाही नव्हती. त्यांनी लिहिले: घड्याळजी.

मग त्यांनी काटे फिरवले.